जांभळी स्टेपनी

माझा धाकटा भाऊ गॅलन टायरचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातो. दोन्ही कामं तो मन लावून करतो. गावात कुणालाही विचारा, म्हणतील, "आर्लिस, तुझा भाऊ म्हणजे देवमाणूस." गव्हाच्या कापणीत कुणाच्या ट्रॅक्टरचं टायर शेतात फुटलं तर हा भरल्या ताटावरून उठून जातो, हे खरं आहे. पण त्या लोकांना देवमाणसाच्या समोरच्या घरात राहावं लागत नाही. मला लागतं. त्याचं स्वयंपाकघर रस्त्यापलीकडे, माझं अलीकडे. मी जन्मभर शाळेची बस हाकली आहे, त्यामुळे खिडकी उघडी असली की माझं मत त्याला घरबसल्या ऐकू येतं. मात्र पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्यात आत काही जात नाही.

गॅलनचं एकच वेड आहे, पण एकच पुरेसं आहे. आमच्या कॅन्ससमध्ये दोन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत, एक निळं आणि एक जांभळं. नावं घ्यायची गरज पडत नाही, रंगावर भागतं. इथं मूल आधी निळं किंवा जांभळं होतं आणि मग त्याचा बाप्तिस्मा होतो. आमचे वडील निळे. गोठ्यात धारा काढताना ते रेडिओवर निळ्यांची बास्केटबॉलची मॅच लावायचे आणि सामना हरला की त्या संध्याकाळी गाईसुद्धा दूध चोरायच्या. तो वारसा गॅलनने उचलला. शाळा संपल्यावर तो एक दिवसही कॉलेजात गेला नाही. निळ्या विद्यापीठाचं एक पुस्तक त्याने उघडलेलं नाही. पण पिकअप निळी, स्वयंपाकघर निळं, कुत्र्याचा पट्टा निळा. घरात वांगं येत नाही. द्राक्षाचा जॅम येत नाही. ईस्टरच्या आधी चर्चमध्ये उपवासाचे दिवस म्हणून सगळीकडे जांभळं कापड लावतात आणि फादरही जांभळा झगा घालतात, तेव्हा गॅलन खांबामागच्या बाकावर जाऊन बसतो. ईस्टरला फादर पांढऱ्या झग्यात आले की याचा जीव भांड्यात पडतो. येशू उठला याचा आनंद वेगळा, हा वेगळा.

हसायला ठीक आहे. पण माझा मुलगा कर्टिस शिकायला जांभळ्यांकडे गेला. जेमतेम दोन तासांचा रस्ता. चार वर्षांत मामा एकदाही तिकडे फिरकला नाही. पदवी मिळाली त्या दिवशी मी याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. हा आला नाही. म्हणाला, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं टायर बसलं होतं. मे महिन्यात! कापणी जूनमध्ये, मग मे महिन्यात शेतात ट्रॅक्टर काय नाचायला नेतात? मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. त्याला ते कळलंच नाही, कारण त्याला वाटलं मी घशाच्या दुखण्याने गप्प आहे.

तर अशा माणसाला एकुलती एक मुलगी झाली, डेलेनी. खाण तशी माती. बापाचा हट्ट तिने पुरेपूर घेतला आणि वर आईची अक्कल घेतली, म्हणजे तो हट्ट मोडायला आणखी कठीण. तिची आई तोन्या नेब्रास्काची. आमच्या निळ्या-जांभळ्याकडे ती परक्याच्या घरातल्या भांडणाकडे बघावं तशी बघते आणि कपडे धुवायला निघून जाते.

डेलेनी माझ्याकडे बीरॉक करायला शिकली. कोबी आणि खिमा भरून भाजलेला हा पाव आमच्या जर्मन आज्या रशियातल्या व्होल्गाकाठाहून इकडे घेऊन आल्या. मी आपली हाताला कळेल तसं पीठ मळणारी बाई. ही पोरगी विचारायची, "आत्या, मागच्या आठवड्याच्या पिठाला कमी पाणी लागलं, याला जास्त का?" मी म्हणायचे, "लागतं." तिला ते पुरायचं नाही. शेजाऱ्यांच्या शेतातले वेगवेगळे गहू आणून दळायची, बरण्यांवर चिठ्ठ्या लावायची, एकाच दिवशी पाच प्रकारचे पाव भाजायची आणि आम्हाला डोळे मिटून खायला लावायची. गॅलन डोळे मिटून पाचही खायचा आणि पाचही वेळा म्हणायचा, "मस्त." त्यावर ती चिडायची. बापलेकीचं एवढंच काय ते शास्त्र.

तिला पूर्वेकडच्या एका मोठ्या नावाच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायचं होतं. मार्क होते. पण तिथे हजारातले मूठभर घेतात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेच्या सल्लागार शोनबर्गर बाईंनी आई-बापांना बोलावलं. मला बोलावलं नव्हतं, मी गेले.

बाई म्हणाल्या, "स्वप्न बघावं, पण राज्यातलं एक सरकारी विद्यापीठ हाताशी ठेवावं. तिचे मार्क बघता दोन्हीकडे प्रवेश नक्की आहे. फक्त तिथे चार वर्षं आनंदाने राहता येईल असं निवडा."

गॅलन खूश. हे त्याच्या धंद्यातलं बोलणं होतं. "म्हणजे स्टेपनी," तो म्हणाला. "बाई, मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. लोक चारी टायर बघतात आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघत नाहीत. मग पंक्चर झालं की रडतात."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना काय माहीत!

"तर स्टेपनी निळी," गॅलन म्हणाला आणि उठायला लागला.

"जांभळी," डेलेनी म्हणाली.

गॅलन परत बसला. मी त्याच्याकडे बघितलं, तर खांबामागे बसतो तेव्हासारखं त्याचं तोंड झालं होतं.

डेलेनीने नीट समजावून सांगितलं. जांभळ्यांकडे पावाचं शास्त्र शिकवतात. गहू, पीठ, आंबवणं, भाजणं, सगळ्याचं रसायन. विद्यापीठाच्या आवारात त्यांची स्वतःची पिठाची गिरणी आहे. पूर्वेकडे जमलं नाही तर तिला तिथे जायचंय.

"गिरणीत बसायला विद्यापीठ कशाला?" गॅलन म्हणाला. "आणि तो गोठा आहे. तिथे गाईंनासुद्धा डिग्री देतात."

"तू गाईंच्याच दुधावर वाढलास ना, डॅड?"

"वाढलो. म्हणून त्यांची लायकी मला माहीत आहे."

शोनबर्गर बाई हसल्या, त्यांना वाटलं गंमत चालली आहे. गंमत हिवाळाभर चालली. तोन्याने मधला मार्ग काढला, की अर्ज दोन्हीकडे करा आणि दोन्हीकडे जाऊन बघून या. अर्ज झाले, दोन्हीकडून होकार आले. बघायला जायचं राहिलं होतं.

निळ्यांकडे गॅलन स्वतः घेऊन गेला. मागच्या सीटवर मी. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये शिरल्यावर या माणसाने टोपी काढून छातीशी धरली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "डेलेनी," तो म्हणाला, "मी आठ वर्षांचा होतो. तुझे आजोबा मला इथे घेऊन आले होते. तिथे, त्या रांगेत बसलो होतो." पोरीने त्या रांगेकडे बघितलं, बापाच्या दंडावर हात ठेवला. वाईट नाही ती. पण नंतर आम्हाला फिरवणाऱ्या मुलाला तिने विचारलं, "इथे ब्रेडबद्दल काही शिकवतात का?" तो बिचारा म्हणाला, "कँटीनमध्ये चांगला मिळतो." परत येताना तीन तास गॅलन त्या हॉलबद्दल बोलत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

जांभळ्यांकडे न्यायची वेळ आली तेव्हा गॅलनला नेमकी पाठ धरली. मी घेऊन गेले. गिरणीत मुलं डोक्याला जाळी लावून काम करत होती. डेलेनीने पिठात हात घातला, चिमटीत घेऊन चोळलं आणि तिथल्या मास्तरांना एक प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं, तिने दुसरा विचारला. जेवायची वेळ टळून गेली, माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि मास्तर अजून फळ्यावर काहीतरी काढून दाखवत होते. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आत्या, पहिल्यांदाच कुणीतरी 'लागतं' असं उत्तर दिलं नाही." मी म्हटलं, टोमणा कळला.

घरी गॅलन दारातच उभा. पाठ बरी झाली होती. "कसं होतं? शेणाचा वास आला?"

"पावाचा आला," डेलेनी म्हणाली आणि वर गेली.

मी त्याला तिथेच गाठला. "गॅलन, पोरगी तिथे रमेल. तुला दिसतंय का?"

"आर्लिस, ती पूर्वेला जाणार आहे. स्टेपनी लागणारच नाही. उगाच कशाला भांडायचं?"

"मग जांभळी म्हण की! लागणारच नाही तर तुझं काय जातं?"

"तत्त्व आहे," तो म्हणाला. तत्त्व! या माणसाच्या दुकानात रिमवर रिम रचून ठेवल्या आहेत, स्वतःची चप्पल सापडत नाही, आणि याला तत्त्व आहे. मी कपाळावर हात मारला आणि घरी आले.

मार्चअखेरीला पूर्वेकडचं उत्तर आलं. दुपारी शाळेतून ती थेट दुकानात गेली होती. मी माझ्या गाडीची पुढची चाकं मागे, मागची पुढे करून घ्यायला तिथे बसले होते. तिने फोन उघडला, वाचलं आणि बापाच्या हातात दिला. गॅलनने हात पुसून फोन घेतला, ओठ हलवत वाचलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गाढव आहेत लेकाचे."

इथे थांबला असता तर मी त्याला सगळे गुन्हे माफ केले असते. पण नाही. फोन परत देता देता म्हणाला, "मग आता निळं पक्कं ना?"

मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला, कारण फेकायची भीती वाटली. डेलेनीने बापाकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता ज्वालामुखी फुटणार. ती म्हणाली, "हो. पक्कं."

"काय?" मी म्हटलं.

"निळं, आत्या. ठीक आहे ते. केमिस्ट्री तिथेही आहे."

त्याच आठवड्यात तिने निळ्यांना होकार कळवला. गॅलनचे पाय जमिनीवर ठरेनात. टायर बदलायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा. न आलेल्यांना फोन करून सांगायचा. तिच्यासाठी निळा स्वेटशर्ट आणला, कुत्र्यालाही आणला. मी डेलेनीला दोनदा एकटीला गाठून विचारलं, की बाई, हे काय? दोन्ही वेळा म्हणाली, "ठरलंय ना आता." तोन्याने विचारलं तर तिलाही तेच. तोंडाला कुलूप. म्हटलं ना, खाण तशी माती.

मग चर्चच्या बायकांचा बीरॉक विकायचा शनिवार आला. दरवर्षी त्या दिवशी डेलेनी पिठावरून सगळ्या म्हाताऱ्यांशी भांडते. हे कमी मळलंय, ते जास्त फुगलंय, ओव्हन आधी तापवा. म्हाताऱ्या वैतागतात आणि तिची वाट बघतात. यंदा ती आली, एप्रन बांधला, पुढ्यात येईल ते पीठ लाटलं, सारण भरलं, कडा दाबल्या. एक शब्द नाही. गॅलन दुपारी पहिला बीरॉक खायला आला. एक घास घेतला आणि म्हणाला, "चिवट झालाय का गं?"

"असू दे," ती म्हणाली आणि पुढचा लाटायला घेतला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. पाच पावांना पाच वेळा मस्त म्हणणारा हा माणूस, पण या वेळी त्याला काहीतरी कळलं. उरलेला अर्धा बीरॉक रुमालात गुंडाळून तो निघून गेला. संध्याकाळी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"आर्लिस, ती 'असू दे' म्हणाली."

"ऐकलं मी."

"पाव चिवट झाला होता. आणि ती असू दे म्हणाली."

"मग? तुला हवं होतं ते मिळालं ना? निळी स्टेपनी मिळाली. आता पोरगी कशी का असेना!" मी बसवाला आवाज लावला होता, समोर तोन्याने खिडकीचा पडदा सरकवला. "अरे, तुझ्या बापाने तुला त्या हॉलमध्ये एकदा नेलं, ते तू जन्मभर छातीशी धरून बसलास. तिला गिरणीत नेलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तू बघायला होतास कुठे? तुझी पाठ दुखत होती!"

तो दार आपटून गेला. म्हटलं, गेला. सुंभ जळाला तरी पीळ जाणार नाही.

दोन-तीन दिवसांनी शेतीच्या सामानाच्या दुकानातल्या मॅव्हिसचा फोन. हे दुकान म्हणजे आमच्याकडे खतापासून कपड्यांपर्यंत सगळं. "आर्लिस, गॅलनला बरं आहे ना?"

"का?"

"त्याने आत्ता जांभळा स्वेटशर्ट विकत घेतला. मोठ्या मापाचे संपलेत म्हटलं, तर मधलाच द्या म्हणाला."

"जाळायला घेतला असेल," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं. मागे एकदा मॅच जिंकल्यावर त्याने जांभळी उशी जाळली होती, उशीचा धूर तीन घरं गेला होता.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाची मुलं खेळाच्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकाने आपण जिथे जाणार तिथला शर्ट घालायचा, माइकवर नाव सांगायचं, आई-बापांनी येऊन शेजारी उभं राहायचं, फोटो. त्याच रात्रीपर्यंत विद्यापीठांना शेवटचं कळवायचं असतं, पण बहुतेकांचं आधीच झालेलं असतं. सगळं गाव येतं. तोन्या आणि मी मधल्या रांगेत बसलो. गॅलन दुकान बंद करून परस्पर येणार होता.

डेलेनीचं नाव पुकारलं. ती निळ्या स्वेटशर्टमध्ये माइकपाशी आली, विद्यापीठाचं नाव सांगितलं, टाळ्या पडल्या. "आई-वडील या," शोनबर्गर बाई म्हणाल्या. तोन्या उठली. आणि मागच्या दारातून गॅलन आला.

तो जांभळ्यात होता. मधल्या मापाचा स्वेटशर्ट, पोटावर ताणलेला, खाली बनियनची पट्टी दिसतेय. तोंड लालबुंद. आधी बऱ्याच जणांना काही सुधरेना. मग कुणीतरी शिटी वाजवली आणि हॉल असा हसायला लागला की माइकमधून काही ऐकू येईना. माणसं बाकांवर हात आपटत होती. लोकांना वाटलं बाप-लेकीने ठरवून नाटक केलंय. गॅलन तसाच चालत गेला आणि निळ्या मुलीच्या शेजारी जांभळा होऊन उभा राहिला. फोटो निघाला. त्यात तोन्या सोडून कुणीही हसत नाहीये.

बाहेर पार्किंगमध्ये पोचताच दोघं सुरू झाली.

"हे काय घातलंयस, डॅड?"

"तू काय घातलंयस? मी तुला सरप्राइज द्यायला आलो होतो. तू जांभळ्यांकडे जाणार आहेस."

"मी निळ्यांना होकार दिलाय!"

"मग आता नकार दे. रात्रीपर्यंत वेळ आहे."

"का म्हणून? निळ्यांकडे केमिस्ट्री चांगली आहे. तूच म्हणालास."

"त्यांना पावातलं काय कळतं? कँटीनमध्ये मिळतो म्हणे!"

"जांभळ्यांकडे गाईंना डिग्री देतात! तूच म्हणालास!"

"मला गाईंचं काही सांगू नकोस, मी गाईंच्यात वाढलोय!"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हिवाळाभर ज्या शब्दांनी भांडत होती तेच शब्द, फक्त बाजू बदललेल्या. आणि हट्ट दोन्हीकडे तेवढाच. तिला बापासाठी निळं व्हायचं होतं, बापाला तिच्यासाठी जांभळं व्हायचं होतं, आणि दोघांपैकी एकाने, एकाने तरी, दुसऱ्याला आधी सांगावं? नाही. आम्हा लाइकरांच्या घरात बोलायचं असतं फक्त चुकीच्या गोष्टींवर.

"गप्प बसा!" मी ओरडले. पार्किंगमधले इतरही गप्प बसले. "डेलेनी, माझ्याकडे बघ. तुला निळ्यांकडे जायचंय?"

"नाही."

"गिरणीत जायचंय?"

ती मान खाली घालून हो म्हणाली.

"मग त्या दिवशी दुकानात 'पक्कं' कशाला म्हणालीस?"

तिने उत्तर मला दिलं नाही, बापाला दिलं. "कर्टिसदादा तुझा लाडका भाचा होता, डॅड. त्याला गाडी चालवायला तू शिकवलंस. तो तिकडे गेला आणि तू एकदासुद्धा गेला नाहीस. त्याची खोली कशी होती ते तुला माहीत नाही. पूर्वेला गेले असते तर मी स्वतःला म्हणाले असते, लांब आहे म्हणून डॅड येत नाही. पण हे दोन तासांवर आहे. दोन तासांवर असून तू आला नाहीस, तर मी स्वतःला काय सांगायचं?"

गॅलनने टोपी काढली. परत घातली. तोन्या गाडीच्या दारापाशी उभी होती, तिने तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि त्याचाही मला राग येत होता.

"मी सकाळपासून याच कपड्यात आहे," गॅलन म्हणाला. "पेट्रोल भरायला गेलो. बँकेत गेलो. दुकानात दिवसभर हेच घालून होतो, तुम्हा तिघींना सांगायचं नाही अशी सगळ्यांना शपथ घातली. लोकांनी गाड्या थांबवून फोटो काढले."

"कशाला?"

"जमतंय का बघत होतो."

"आणि?"

"काखेत टोचतो," तो म्हणाला. "बाकी जमतंय."

डेलेनी हसली आणि रडली, काय ते एकदमच. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून तिने तिथेच फोनवरून निळ्यांना नकार कळवला आणि जांभळ्यांना होकार. गॅलन शेजारी उभा राहून बघत होता, तिने शेवटचं बटण दाबलं तेव्हा त्याने डोळे मिटले. तोन्या म्हणाली, "नेब्रास्कात हे असलं काही नसतं," आणि गाडीत जाऊन बसली.

मी चालत घरी निघाले तसा तो मागून आला. "आर्लिस. कर्टिसच्या पदवीच्या दिवशी... टायर-बियर काही नव्हतं."

"मला माहीत होतं, मेल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलते की. रोज बोलते. तू ऐकतोस कधी?"

त्या रात्री त्याने डेन्व्हरला कर्टिसला फोन केला, हे मला कर्टिसकडून कळलं. काय बोलला ते दोघंही सांगत नाहीत.

ऑगस्टमध्ये आम्ही डेलेनीला पोचवायला गेलो. तोन्याला कामावरून सुट्टी मिळाली नाही, तिने आदल्या दिवशीच निरोप घेतला होता. विद्यापीठाच्या गावाच्या वेशीपाशी जांभळ्यांची मोठी पाटी लागली तेव्हा गॅलनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पण गाडी चालत राहिली. खोली तिसऱ्या मजल्यावर. सामान त्याने एकट्याने चढवलं. पलंग हलवून बघितला, कपाटाचं दार नीट बसत नव्हतं ते बसवलं, खिडकीतून वाकून तिच्या सायकलची जागा बघितली. मग गिरणी बघायची म्हणाला. ती घेऊन गेली. तिथे त्याने काही विचारलं नाही, पण पोरगी बोलत होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

शेवटी तिला मुलींनी हाक मारली, नव्या आलेल्यांची कसली तरी सभा होती. तिने मला मिठी मारली, त्याला मारली, आणि मागे वळून न बघता पळत गेली. आम्ही पिकअपमध्ये येऊन बसलो. गॅलनने किल्ली लावली आणि फिरवली नाही.

ऊन भरात आलं होतं. आजूबाजूच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. आत नुसता भट्टीसारखा उकाडा. मी रुमालाने वारा घेत होते. हा समोरच्या इमारतीच्या दाराकडे बघत बसलेला.

"गॅलन, चल आता," मी म्हटलं.

त्याने खिडकीची काच खाली घेतली.

"अरे, दोन तासांचा रस्ता आहे. मला भूक लागली आहे. इथे बसून काय होणार आहे? ती आता संध्याकाळशिवाय बाहेर येत नाही."

"माहीत आहे."

"मग गाडी सुरू कर!"

"जरा थांब गं, आर्लिस," तो म्हणाला. "आत्ताच तर आलोय."